मान, डोके, जबडा : दुखते कुठे, मूळ कुठे?

'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी असते. मान, डोके आणि जबडा या तीन ठिकाणांच्या दुखण्यांना ती अगदी तंतोतंत लागू पडते. डोके दुखते म्हणून चष्म्याचा नंबर बदलला जातो, कान दुखतो म्हणून कानात तेल सोडले जाते, दाढ दुखते म्हणून दाढ काढली जाते आणि एवढे सगळे होऊनही दुखणे जिथल्या तिथेच राहते. मग 'आमच्या नशिबातच डोकेदुखी आहे' असे म्हणून मंडळी रोज एक गोळी घ्यायला लागतात. ती गोळी पुढे स्वतःच एक आजार होऊन बसते. म्हणूनच या तिन्ही दुखण्यांचा विचार आज एकत्र करू या.

एक उदाहरण देतो. शिवणकाम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या. तक्रार एकच, संध्याकाळ झाली की डोक्याची मागची बाजू ठणकते आणि ठणका डोळ्यापर्यंत येतो. डोळे तपासून झाले होते, सायनसचा फोटो काढून झाला होता, रक्तदाब उत्तम होता. पिशवीत चार प्रकारच्या गोळ्यांची पाकिटे होती. मी त्यांना शिवणयंत्रावर बसतात तसे स्टुलावर बसून दाखवायला सांगितले. पाठ वाकलेली, मान पुढे काढलेली, हनुवटी जवळजवळ छातीला टेकलेली! दिवसाचे आठ तास हे आसन. मानेच्या वरच्या भागात, कवटी जिथे सुरू होते तिथे, अंगठ्याने दाबताच त्या म्हणाल्या, "हेच ते, हेच दुखणं डोळ्यात येतं." डोळ्यात काहीच नव्हते, जे होते ते मानेत होते.

तीन ठिकाणे, एकच वाट

असे का होते? चेहरा, दात, जबडा, कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा भाग यांच्या संवेदना मेंदूकडे नेणारी एक मोठी नस चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला असते. तिला ट्रायजेमिनल नस म्हणतात. मानेच्या सर्वांत वरच्या तीन मज्जातंतूंच्या जोड्या मान आणि डोक्याच्या मागच्या भागाची खबर नेतात. या दोन्ही वाटा मेंदूच्या बुंध्यापाशी आणि मानेच्या मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी एकाच ठिकाणी मिळतात. एका गावात दोन गल्ल्यांची पत्रे एकाच पेटीत पडावीत तसे हे आहे. मेंदूला पत्र मिळते, पण ते कोणत्या गल्लीतून आले हे नेहमीच नीट उमगत नाही. त्यामुळे मानेचे दुखणे कपाळात जाणवते, जबड्याचे कानात आणि दाढेचे कानशिलात.

यातून एक साधा नियम निघतो. दुखते ती जागा दाखवावी, पण तीच दोषी आहे असे धरून चालू नये.

मान का धरते?

मानेत सात मणके आहेत. दोन मणक्यांमध्ये चकती, बाजूला छोटे सांधे, आणि या सगळ्याला सावरून धरणारे स्नायू. यावर डोक्याचे साडेचार ते पाच किलो वजन तोललेले असते. डोके खांद्यांच्या वर सरळ असेल तर हे वजन मणके सहज पेलतात. ते पुढे झुकले की वजन तेवढेच राहते, पण मागच्या स्नायूंवरचा ताण वाढत जातो. भरलेली बादली अंगाजवळ धरणे आणि तीच हात लांब करून धरणे, यात जो फरक तोच इथे. 2014 साली न्यूयॉर्कमधील मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी गणिताने असे मांडले की मान 60 अंश झुकवली तर मानेवरचा भार सुमारे 27 किलोंपर्यंत जातो. हे गणित आहे, प्रत्येकाच्या मानेचे मोजमाप नव्हे. पण मान खाली घालून तासन्‌तास काम करणाऱ्यांना संध्याकाळी काय होते ते यावरून समजते.

पूर्वी हे दुखणे शिंपी, सोनार, विडी कामगार, कारकून आणि उत्तरपत्रिका तपासणारे शिक्षक यांचे होते. आता त्यात मोबाइलवर मान घालून बसणारी सारी तरुण पिढी आली आहे. याशिवाय डोक्यावरून हंडे, चाऱ्याचे भारे किंवा विटांची पाटी वाहणाऱ्या आयाबायांच्या मानेवरचा भार तर कोणतेही गणित न मांडता दिसतो. दोन-तीन उशा घेऊन झोपणे, आडवे पडून दूरदर्शन पाहणे, बसमध्ये मान लटकवून डुलकी काढणे, एका खांद्यावर जड पिशवी अडकवणे ही आणखी काही नेहमीची कारणे.

सकाळी उठताना मान एका बाजूला धरली, वळता येईना, म्हणजे उसण भरली, की घरात घबराट होते. पण ही बहुतेक वेळा स्नायूंची आखडण असते आणि काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, उतरते. दिवसातून दोन-तीन वेळा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, एक-दोन दिवस जरुरीपुरती गोळी आणि सोसेल तितकी हालचाल एवढे पुरते. आठवडाभर पलंगाला खिळून राहिल्याने मान लवकर बरी होत नाही, उलट अधिक ताठरते.

'फोटोत गॅप आली आहे'

मानेचा एक्स-रे काढला की चाळिशी-पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मणक्यांची झीज दिसते. चकत्या बसलेल्या असतात, मणक्यांच्या कडेला हाड वाढलेले असते. कागदावर 'सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस' असे लिहून येते आणि रुग्ण हबकतो. वाचकहो, ही झीज डोक्यावरच्या पांढऱ्या केसांसारखी आहे. मान मुळीच न दुखणाऱ्या असंख्य माणसांच्या फोटोतही ती दिसते. म्हणून फोटोवर उपचार करू नयेत, माणसावर करावेत. केवळ फोटोत झीज दिसली म्हणून शेतात जाणे, सायकल चालवणे, व्यायाम करणे सोडून देण्याचे कारण नाही.

गळ्याला पट्टा बांधण्याविषयीही असेच. तीव्र दुखण्यात काही दिवस, डॉक्टरांनी सांगितल्यास, पट्टा ठीक आहे. पण महिनोन्‌महिने पट्टा बांधला की मानेचे स्नायू काम विसरतात आणि पट्टा काढताच दुखणे दुप्पट होते.

आणखी एक गोष्ट हात जोडून सांगतो. केस कापून झाल्यावर मालिश करता करता मान दोन्ही बाजूंना कडाडकन मोडून घेण्याची अनेकांना हौस असते. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या मणक्यांमधून जातात. अशा झटक्याने क्वचित त्यांचे आतले अस्तर फाटते, रक्ताची गुठळी होते आणि चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसाला पक्षाघात होऊ शकतो. मालिश जरूर करून घ्या. मान मोडू मात्र देऊ नका.

जबड्याचा सांधा : विसरलेला गुन्हेगार

दोन्ही कानांच्या पुढे एक-एक बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे हलते तो जबड्याचा सांधा. त्यात एक छोटी चकती असते. शरीरातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सांध्यांपैकी हा एक. बोलताना, चावताना, गिळताना, जांभई देताना हा चालूच असतो. 1934 साली अमेरिकेतील सेंट लुइस येथील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी कानाच्या तक्रारी आणि जबड्याचा सांधा यांचा संबंध जोडून दाखवला. त्यांची कारणमीमांसा पुढे पूर्णपणे टिकली नाही, परंतु या सांध्याकडे डॉक्टरांचे लक्ष गेले ते तेव्हापासून.

या सांध्याचे आणि त्याच्या स्नायूंचे दुखणे ओळखायचे कसे? घास चावताना किंवा जांभई देताना कानापुढे कळ येते. तोंड उघडताना 'टक्‌' असा आवाज होतो किंवा जबडा वाकडा सरकतो. कान दुखतो, पण कान तपासला तर स्वच्छ निघतो. सकाळी उठल्यावर गाल अवघडलेले असतात आणि कानशिले ठणकतात.

ही सकाळची कानशिलांची ठणक लक्षात ठेवण्यासारखी आहे. चावण्याचा एक मोठा पंख्यासारखा स्नायू कानशिलावर पसरलेला असतो. रात्री झोपेत जे दात खातात किंवा दिवसा चिंतेने, रागाने दात आवळून धरतात, त्यांचा हा स्नायू दमून जातो आणि त्यालाच आपण डोकेदुखी म्हणतो. 'दातओठ खाणे' हा वाक्प्रचार आपल्या पूर्वजांनी उगाच केलेला नाही. मुलीच्या लग्नाची काळजी, कर्जाचा हप्ता, परीक्षा, नोकरीतली बदली या सगळ्यांचा हिशेब पुष्कळदा जबडा भरत असतो. लहान मूल झोपेत दात खाते म्हणजे त्याला जंतच झाले आहेत, असा एक समज आहे. जंत असतील तर त्यांचे औषध जरूर द्यावे. परंतु दात खाण्याचे कारण जंतच असते, हे खरे नाही. बहुतेक मुलांची ही सवय मोठेपणी सुटते.

नुसता 'टक्‌' आवाज होतो, दुखत नाही, तोंडही पूर्ण उघडते, अशांनी काहीच करू नये. असे सांधे पुष्कळांचे वाजतात.

दुखत असेल तर उपचार साधे आहेत. दोन-तीन आठवडे मऊ आहार घ्यावा. गुरगुट्या भात, खिचडी, उपमा चालेल, भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खावी. ऊस दाताने सोलणे, चिक्की, सुपारी, च्युइंगगम बंद. जांभई येईल तेव्हा हनुवटीखाली मूठ धरून तोंड फार उघडू देऊ नये. गालाला आणि कानापुढे दहा-पंधरा मिनिटे कोमट शेक द्यावा. आणि दिवसभर एक गोष्ट घोकावी, 'ओठ मिटलेले, दात सुटे'. जेवणे आणि गिळणे सोडले तर दातावर दात टेकायचे कारणच नाही. घड्याळात तास पडला की स्वतःला विचारा, आपले दात आवळलेले आहेत का? बहुतेक लोकांना पहिल्याच दिवशी आपली चोरी सापडते. एवढ्याने उतार पडला नाही तर दंतवैद्य रात्री दातांवर बसवायची पट्टी मापाने करून देतात. मात्र या दुखण्यासाठी चांगले दात घासून कमी करणे किंवा सांध्याच्या शस्त्रक्रियेची घाई करणे टाळावे, कारण एकदा घासलेला दात परत येत नाही.

तोंड उघडत नाही? सुपारी आठवा

आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घाला. मोठ्या माणसाच्या तोंडात ती साधारणपणे सहज मावतात. मावत नसतील, तिखट खाल्ले की तोंडाची आग होत असेल, गालाचे आतले अस्तर पांढुरके आणि चिवट झाले असेल आणि सुपारी, मावा, गुटखा किंवा खर्रा यांची सवय असेल, तर हा सांध्याचा विकार नव्हे. सुपारीमुळे गालाच्या आत तंतू तयार होऊन तोंड आवळत जाते. पुढे काहींच्या बाबतीत तिथे कर्करोगही होतो. सुपारी, तंबाखूविना खाल्ली तरी, कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली जाहीर केले. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, परंतु सवय बंदीने जात नाही हे आपण आपल्या आळीत पाहतोच. मुले शाळकरी वयात सुपारीला लागतात आणि विशीत तोंडात दोन बोटेही जाईनाशी होतात. सवय आज सोडली तर आजाराचे पुढचे पाऊल थांबू शकते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. तोंडातला कोणताही चट्टा किंवा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही तर तो दाखवलाच पाहिजे, मग तो दुखो वा न दुखो.

डोकेदुखीचे नेहमीचे प्रकार

सर्वांत जास्त आढळते ती ताणाची डोकेदुखी. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, दोन्ही बाजूंना दुखते, पण माणूस काम करू शकतो. झोप, मोकळ्या हवेत फिरणे, मानेचे व्यायाम यांनी ती आटोक्यात येते.

दुसरी अर्धशिशी. बहुधा एका बाजूला, ठोके पडल्यासारखी; मळमळ, उलटी, उजेड आणि आवाज नकोसा होणे, अंधारात पडून राहावेसे वाटणे. औषध न घेतल्यास ती काही तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालते. घराण्यात असते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत पुष्कळ जास्त आढळते. तिला निमित्ते असतात : चतुर्थीचा किंवा नवरात्रीचा कडक उपवास, जागरण, ऊन, उग्र वास, पाळीचे दिवस, नेहमीचा चहा चुकणे. ज्या बाईला उपवासाने डोके धरते तिने उपवासातही दूध, फळे वेळेवर घ्यावीत. देव रागावणार नाही. अर्धशिशीत मानही दुखते, त्यामुळे कित्येकांना वर्षानुवर्षे 'मणक्याचा त्रास' म्हणून चुकीची औषधे मिळत राहतात. महिन्यातून चार-पाच वेळा किंवा अधिक वेळा त्रास होत असेल तर तो येऊच नये म्हणून घ्यायची औषधे आहेत. ती काही महिने नियमाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावी लागतात.

तिसरा प्रकार क्वचित दिसतो, पण फार फसवणूक करतो. चेहऱ्याच्या एका बाजूला, जबड्यात किंवा गालात, विजेचा झटका बसावा तशी कळ काही क्षण येते आणि जाते. दात घासताना, तोंड धुताना, वाऱ्याची झुळूक लागली तरीही येते. ही ट्रायजेमिनल नसेची कळ. दाढच दुखते आहे असे वाटून एकामागून एक चांगल्या दाढा काढून घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत. हिच्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत. कार्बामॅझेपिन नावाचे औषध चालते, तेही डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिल्यावरच. औषध सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

रक्तदाबाविषयी एक गैरसमज दूर करतो. वाढलेला रक्तदाब बहुधा गप्प असतो. तो फारच चढला तरच डोके दुखते. म्हणून 'डोके दुखत नाही, म्हणजे माझे बीपी ठीक आहे' असे समजून कुणी गोळ्या बंद करू नयेत.

गोळीमुळे होणारी डोकेदुखी

आता सुरुवातीला म्हटले त्या गोळीकडे येऊ. एक निवृत्त शिक्षक सात वर्षे रोज सकाळी चहाबरोबर डोकेदुखीची एक गोळी घेत होते. "गोळी घेतली नाही तर दहा वाजेपर्यंत डोके फुटते," असे त्यांचे म्हणणे. खरी गोष्ट उलटी होती. ज्याला मुळात डोकेदुखीचा त्रास आहे, त्याने तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, किंवा अनेक औषधे मिसळलेल्या गोळ्या 10 किंवा जास्त दिवस घेतल्या, तर त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरतात. औषध उतरले की डोके चढते आणि डोके चढले की पुन्हा औषध. हे रहाटगाडगे थांबवायचे तर गोळी बंद करावी लागते. पहिले काही दिवस, एखाद-दोन आठवडेही, फार जड जातात. मळमळ, चिडचिड, झोप न येणे हे सगळे होते. शिक्षकांनी ते दिवस पत्नीच्या मदतीने काढले. दोन महिन्यांनी त्यांचे डोके महिन्यातून तीन-चार वेळाच दुखू लागले.

हे फक्त डोक्यापुरते नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या रोज पोटात गेल्या तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडे बिघडू शकतात आणि रक्तदाब वाढतो. पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य, पण तेही मोठ्या माणसाने 24 तासांत 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांपलीकडे कधीही घेऊ नये. दारू घेणाऱ्यांनी आणि यकृताचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते, तेही मोजावे.

इथे मात्र थांबू नका

बहुतेक दुखणी साधी असतात. परंतु पुढील लक्षणे दिसली तर शेक, मालिश, दूरची तारीख यांत वेळ न घालवता लगेच रुग्णालय गाठावे. गरज पडल्यास 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

1. चालताना, चढ चढताना किंवा अचानक खालच्या जबड्यात, गळ्यात, डाव्या खांद्यात दुखणे. सोबत घाम, दम, छातीत दडपण. दात पूर्ण चांगले असताना हे दुखणे हृदयविकाराचे असू शकते. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये छातीत न दुखता असे होऊ शकते.

2. क्षणात सुरू झालेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी.

3. ताप, उलट्या आणि मान इतकी ताठ की हनुवटी छातीला टेकत नाही. हा मेंदूच्या आवरणाचा दाह असू शकतो.

4. डोकेदुखीबरोबर बोबडी वळणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, झटका, शुद्ध हरपणे, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे.

5. शेतात, गोठ्यात, रस्त्यावर जखम झाल्यानंतर काही दिवसांनी जबडा आवळू लागणे, म्हणजे दातखीळ बसणे. ही धनुर्वाताची सुरुवात असू शकते. जखम झाल्यावर लगेच धुऊन, लसीची विचारणा करणे हाच शहाणपणा.

6. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना टाळू हुळहुळणे, घास चावता चावता जबडा दमणे. कानशिलाच्या रोहिणीला सूज येण्याचा हा आजार आपल्याकडे विरळा, पण उपचार लांबले तर दृष्टी जाते.

7. मानेच्या दुखण्याबरोबर हातातली ताकद कमी होणे, सदऱ्याची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे. इथे मज्जारज्जू दाबला जात असतो आणि व्यायामाची वेळ राहिलेली नसते.

गरोदर स्त्रीचे डोके शेवटच्या महिन्यांत जोराने दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज आली तर तिचा रक्तदाब त्याच दिवशी मोजून घ्यावा.

घरी रोज करता येईल असे

वरीलपैकी काही नसेल तर पुढील व्यायाम सकाळ-संध्याकाळ करावेत. पाठ ताठ ठेवून खुर्चीत बसा. तळहात कपाळावर ठेवा. डोक्याने हाताला आणि हाताने डोक्याला रेटा द्या, डोके मात्र हलू देऊ नका. पाच आकडे मोजा, सोडा. असेच डोक्याच्या मागून आणि दोन्ही बाजूंनी, प्रत्येकी पाच वेळा. मग मान न वाकवता हनुवटी सरळ मागे ओढा, कुणी समोरून नाकावर बोट ठेवायला आल्यावर डोके मागे घेतो तशी. पाच आकडे धरून सोडा. शेवटी खांदे वर उचलून मागे फिरवा. व्यायामात ओढ लागणे चालेल. कळ हातात उतरली किंवा चक्कर आली तर थांबा. मान गरगर गोल फिरवण्याचा व्यायाम मात्र सोडून द्या.

काम करताना अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालावे. पुस्तक, वही, मोबाइल डोळ्यांच्या उंचीकडे न्यावा, डोळे त्याच्याकडे नेऊ नयेत. शिंप्यांनी आणि विडी वळणाऱ्या बायांनी पाठीला टेकू आणि मांडीवर उंचवटा घ्यावा. कुशीवर झोपणाऱ्याने खांदा आणि कान यांमधली जागा भरेल एवढीच एक उशी घ्यावी, उताणे झोपणाऱ्याने त्याहून पातळ, आणि पालथे झोपणे टाळावे. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंना याहून वेगळे काही दिले नाही. स्टूल उंच केले, यंत्रामागे दिवा लावला, व्यायाम शिकवले. सहा आठवड्यांत संध्याकाळचा ठणका गेला.

शेवटी डॉक्टरांकडे जाण्याआधी एक काम करा. एका वहीत महिनाभर लिहा : कोणत्या तारखेला दुखले, किती वाजता, कुठून सुरू झाले आणि कुठे गेले, किती वेळ राहिले, त्या दिवशी झोप, जेवण, पाळी, काम कसे होते आणि कोणती गोळी किती घेतली. सगळ्या गोळ्यांची पाकिटे, अगदी दुकानातून आपणहून आणलेलीसुद्धा, पिशवीत घालून न्या. तोंडात तीन बोटे जातात का हेही आधी पाहून ठेवा. एवढी माहिती हातात असली की पुष्कळदा महागड्या तपासण्यांची गरजच पडत नाही, आणि डॉक्टरांचा बंब आग लागली आहे त्याच गावाला जातो.